कुशीवर झोपलं की खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ठणका: बर्सा, सायटिका की सांधा?

निवांत_नसलेली

वय ५२. उजवा खुबा बाहेरच्या बाजूने दुखतो. नेमकं कुठे ते आधीच सांगते, कारण प्रत्येक डॉक्टरांकडे गोंधळ इथूनच सुरू होतो. सलवारीच्या कडेच्या शिवणीवर, कमरेपासून वीतभर खाली, जिथे हाताला हाड लागतं तिथे. जांघेत नाही, पाठीत नाही.

दिवसा चालून जातं. रात्री त्या कुशीवर झोपले की थोड्या वेळाने ठणक्याने जाग येते. कूस बदलून डावीकडे वळले तरी दुखतो उजवाच! बराच वेळ बसून उठलं की पहिली काही पावलं लंगडत टाकते, मग मोकळं होतं. जिना चढताना उजव्या पायावर भार आला की कळ येते. मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या वरपर्यंत कधी कधी उतरतं.

आतापर्यंत एका डॉक्टरांनी सायटिका सांगितला, दुसऱ्यांनी एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून 'बर्सायटिस' (बर्सा नावाच्या पिशवीची सूज) असं लिहून दिलं, आणि नात्यातल्या एका जाणत्याने "एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरणं) तर नाही ना?" असं विचारून उरलीसुरली झोपही घालवली. आता एमआरआय करायचा तर कमरेचा की खुब्याचा, इथे गाडी अडली आहे. औषध विचारत नाही. हे ओळखतात कसं, ते कुणी नीट समजावेल का?

गवतफुला

अगदी अगदी! दुसऱ्या कुशीवर झोपूनही दुखतं हे मी घरात सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघत राहिले होते. वाचतेय.

टिवल्याबावल्या

चाळिशीनंतर सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घ्या, गोळ्या सुरू करा, विषय संपला.

अर्धविराम

@टिवल्याबावल्या, बाईंनी एका बोटावर मावेल एवढी जागा सांगितली आहे, आणि तुम्ही सगळ्या सांगाड्याला गोळी देताय. डी कमी असेल तर भरून काढावंच, पण म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही.

इथे कुणी फिजिओ होत्या ना? हाक मारा कुणीतरी.

स्नायुजाल

आले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तपासणारा कसा विचार करतो ते सांगते.

जागा सांगितलीत ते फार बरं केलंत. "खुबा दुखतो" म्हणत आलेल्या माणसाला मी आधी एवढंच म्हणते, "बोट ठेवून दाखवा." कुणी कमरेच्या मागच्या कडेवर ठेवतं, कुणी ढुंगणाच्या मधोमध, कुणी जांघेत. खुब्याचा खरा सांधा खोल आत असतो. तो बिघडला की दुखणं बहुधा जांघेत येतं, मांडीच्या पुढून गुडघ्याकडेही जातं. असे रुग्ण पुष्कळदा बोट ठेवतच नाहीत. अंगठा मागे आणि बोटं पुढे करून खुब्याची बाजू पंजात धरतात आणि म्हणतात, "इथे आत कुठेतरी." तुम्ही दाखवताय तो हाडाचा उंचवटा म्हणजे ग्रेटर ट्रोकँटर, मांडीच्या हाडाचं वरचं बाहेरचं टोक. त्याच्यावर ग्लुटिअस मीडिअस आणि ग्लुटिअस मिनिमस या दोन स्नायूंचे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) येऊन चिकटतात.

या स्नायूंचं काम पाय बाजूला उचलण्याचं, असं पुस्तकात असतं. रोजचं खरं काम वेगळंच आहे. आपण एका पायावर आलो की कमरेचा सांगाडा दुसऱ्या बाजूला कलतो, तो हे स्नायू तोलून धरतात. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर असतो. जिन्यावर तर जास्तच.

आता तुमचं दोन्ही कुशींचं कोडं. या टेंडनांवरून बाहेरून एक जाड, लांब पट्टा खाली गुडघ्याकडे जातो, इलिओटिबिअल बँड. मांडी शरीराच्या मध्यरेषेकडे झुकली की हा पट्टा ताणला जातो आणि खालच्या टेंडनला हाडावर दाबतो. उजव्या कुशीवर झोपलात तर अंगाचा भार थेट उंचवट्यावर येतो. डाव्या कुशीवर झोपलात की वरचा उजवा गुडघा पुढे सरकून गादीला टेकतो, म्हणजे मांडी मध्यरेषा ओलांडून आत गेली आणि पट्ट्याने टेंडन दाबला. त्यामुळे दुखतो उजवाच. दोन गुडघ्यांमध्ये जाडसर उशी ठेवून बघा. वरची मांडी खालच्या मांडीला समांतर राहिली पाहिजे आणि पाऊलही उशीवर हवं. पायावर पाय टाकून बसणं आणि एका खुब्यावर भार टाकून रेलून उभं राहणं यातही नेमका हाच दाब येतो.

एक प्रश्न विचारते. मोजे घालताना, पायाची नखं कापताना अडतं का?

निवांत_नसलेली

नाही! नखं आरामात कापते. मांडी घालूनही बसता येतं, उठताना तेवढं कुरकुरतं. आणि हो, रांगेत उभी असले की मी कायम उजव्या पायावर रेललेली असते. आजवर लक्षातच आलं नव्हतं.

स्नायुजाल

हे उत्तर महत्त्वाचं आहे. सांधा झिजलेला असेल तर खुब्याची हालचाल आखडते, विशेषतः आतल्या बाजूला वळणं. मग मोजे आणि नखं हीच पहिली तक्रार असते. दुखतं बाहेरून पण मोजे सहज घालता येतात, असं असेल तर संशय सांध्यावरून टेंडनकडे सरकतो. या दुखण्याला हल्ली एकत्रितपणे 'ग्रेटर ट्रोकँटरिक पेन सिंड्रोम' म्हणतात, थोडक्यात जीटीपीएस. चाळीस ते साठ वयातल्या बायकांत ते पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं.

अर्धविराम

म्हणजे 'बर्सायटिस' हे निदान चूक?

काळंपांढरं

याचं उत्तर मी देतो, रोज सोनोग्राफी आणि एमआरआयच वाचतो.

बर्सा म्हणजे टेंडन आणि पट्टा एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये असलेली, अगदी थोडा द्रव असलेली चपटी पिशवी. पूर्वी या भागातलं दुखणं सरसकट या पिशवीच्या नावावर जमा व्हायचं, आणि नाव रुळलं ते रुळलंच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दुखणं असलेल्या ८७७ रुग्णांच्या सोनोग्राफी तपासल्या होत्या. बर्सायटिस दिसला तो साधारण २० टक्क्यांत. टेंडनमधला बिघाड जवळपास निम्म्या लोकांत होता, आणि पट्टा जाड झालेला सुमारे २८ टक्क्यांत. म्हणजे बर्सा सुजतो, पण बहुतेकदा एकटा नाही आणि मूळ कारण म्हणूनही नाही. साप समजून भुई धोपटायचा प्रकार बराच काळ चालला.

आता उलटी बाजूही सांगतो, कारण आमच्या खात्यात लोक रिपोर्ट घेऊन घाबरतात. ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा या उंचवट्याभोवती थोडी सूज, टेंडनमध्ये थोडा बदल पुष्कळदा दिसतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'टेंडिनोसिस' (टेंडनची झीज) हा शब्द आला म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही. बोटाने दाबून जिथे दुखतं तिथेच फोटोत बिघाड असेल, तर त्याला वजन. मला फॉर्मवर नुसतं 'खुबेदुखी' लिहून पाठवतात तेव्हा मी पंधरा ओळींचा रिपोर्ट देतो. 'उजवा ट्रोकँटर दाबल्यावर दुखतो, एका पायावर उभं राहता येत नाही' असं लिहून आलं की दोन ओळींत काम होतं.

गवतफुला

ही 'एका पायावर उभं राहणं' ही परीक्षा घरी करता येते का? पडायला नको.

स्नायुजाल

तोल जात असेल, नुकतं पडला असाल, पायावर भार टाकवतच नसेल, तर अजिबात करायची नाही.

एरवी अशी: भिंतीशेजारी उभं राहायचं. दुखरा पाय जमिनीवर, दुसरा गुडघ्यात वाकवून उचलायचा. तोलापुरतं एक बोट भिंतीला, रेलायचं नाही. ३० सेकंद. या वेळात नेमकं तेच ओळखीचं दुखणं त्याच जागी आलं, तर टेंडनचा संशय पक्का होत जातो. जांघेत किंवा पाठीत दुखलं तर ते या परीक्षेचं 'हो' नव्हे.

दुसरी परीक्षा म्हणजे उंचवटा दाबून बघणं. इथे एक मेख आहे. दाबल्यावर तिथे दुखतच नसेल तर टेंडनचा बिघाड असण्याची शक्यता खूपच कमी होते. पण दुखलं म्हणजे तोच, असं मात्र नाही, कारण ती जागा अनेकांची नाजूक असते. म्हणून आम्ही दुखऱ्या बाजूची निरोग्या बाजूशी तुलना करतो आणि दोन-तीन परीक्षा एकत्र बघतो. त्यातली एक अशी: उताणं झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवायचा, मांडी थोडी आत न्यायची, पाऊल मध्यरेषेकडे वळवायचं आणि मग रुग्णाने पाऊल बाहेर ढकलताना आम्ही अडवायचं. टेंडन दाबलेला असताना त्याला कामाला लावतो, म्हणून तो बोलतो.

पायपीट

एका पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूचा खुबा खाली पडतो, त्याला ट्रेंडलेनबर्ग म्हणतात ना? माझ्या कोचने माझं पळणं मागून चित्रित करून दाखवलं तेव्हा हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

स्नायुजाल

हो. फ्रीडरिश ट्रेंडलेनबर्ग या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये हे लक्षण मांडलं, जन्मतः खुबा निखळलेल्यांची चाल बघून. क्ष-किरण सापडले तेही त्याच वर्षी. म्हणजे हाडाचा फोटो काढता येत नव्हता तेव्हा माणसं चाल बघून आतलं सांगत होती!

पण इथेही घाई नको. खुबा पडतो याचा अर्थ स्नायू भार पेलत नाही. का पेलत नाही, ते तो सांगत नाही. टेंडन फाटला असेल, सांध्याच्या दुखण्याने स्नायू आवरतं घेत असेल, किंवा कमरेतली एल-५ नस दबलेली असेल. या स्नायूंना विजेचा पुरवठा मुख्यतः तिथूनच येतो.

निवांत_नसलेली

म्हणजे सायटिका म्हणणारे डॉक्टर अगदीच वाऱ्यावर नव्हते?

स्नायुजाल

अजिबात नाही. कमरेतली नस दबूनही खुब्याच्या बाहेर दुखतं. फरक असा शोधायचा: दुखणं गुडघ्याखाली, पोटरीत, पावलापर्यंत जातं का? मुंग्या, बधिरपणा आहे का? पायाचा अंगठा वर उचलायला जोर कमी पडतो का? खोकला-शिंकेने कळ जाते का? कमरेच्या हालचालीने कमी-जास्त होतं का? जीटीपीएसचं दुखणं मांडीच्या बाहेरून उतरतं, पण बहुधा गुडघ्यापाशी थांबतं, आणि बधिरपणा नसतो. घोळ असा की दोन्ही दुखणी एकाच माणसात नांदतात. कमरेवर उपचार होऊनही 'सायटिका' हटत नाही म्हणून आलेल्यांचा उंचवटा दाबून बघावा, एवढी खूणगाठ मी बांधलेली आहे.

भटकभवानी

मला वेगळंच होतं, म्हणून लिहिते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढ्या भागात जळजळ, कपडा घासला तरी नकोसं, मधूनच चामडी बधिर. मीही 'खुबा दुखतो' असंच सांगत फिरले. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने पेनाने मांडीवर त्या भागाची सीमा आखली, पायाचा जोर बघितला (पूर्ण होता) आणि पहिला प्रश्न केला, "पट्टा किती घट्ट बांधता?" ट्रेकच्या पाठपिशवीचा कमरपट्टा मी करकचून आवळायची. निदान मेराल्जिया पॅरेस्थेटिका, म्हणजे मांडीच्या त्वचेची नस दबणं. फोटोबिटो काही काढावा लागला नाही.

काळंपांढरं

छान उदाहरण. ही नस कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकाजवळून, जांघेतल्या बंधाखालून मांडीत उतरते आणि फक्त त्वचेची संवेदना वाहते. स्नायूला ती काही पुरवत नाही, म्हणून जोर शाबूत. घट्ट पट्टा, वाढलेलं पोट, गरोदरपण, यांत ती दबते. खुद्द सिग्मंड फ्रॉइडला हा त्रास होता आणि त्याने १८९५ मध्ये त्यावर लिहिलंही आहे. पुन्हा तेच साल, योगायोग!

टिवल्याबावल्या

फ्रॉइडच्या मांडीपर्यंत पोचलो, आता धागा शंभरी गाठणार.

पायपीट

अवांतर थांबवून जरा गंभीर. पळणाऱ्यांनी प्रत्येक खुबेदुखी टेंडनच्या खात्यात टाकू नये. आमच्या गटातल्या एका मुलीने अंतर झपाट्याने वाढवलं, जेवण तोडलं, पाळी अनियमित झाली होती. आधी पळताना दुखायचं, मग चालताना, मग नुसतं उभं राहूनही. एक्स-रे साफ. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला (वरच्या गोल टोकाखालच्या अरुंद भागाला) ताणाचं फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या भाराने गेलेली चीर, निघालं. तिचं दुखणं मुख्यतः जांघेत होतं, पण ती सगळ्यांना 'खुब्याच्या बाजूला' असंच सांगायची.

काळंपांढरं

अगदी. असं फ्रॅक्चर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, आणि मानेच्या वरच्या कडेला असेल तर हाड सरकण्याचा धोका असतो. तिथे 'व्यायाम करून बघू' चालत नाही.

आणखी एक, जे कमी लोकांना ठाऊक असतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटसारख्या गोळ्या कित्येक वर्षं घेत असलेल्या कुणाला मांडीत किंवा मांडीच्या बाहेर बोथट दुखणं सुरू झालं, तर मांडीच्या पूर्ण हाडाचा एक्स-रे हवा, दोन्ही बाजूंचा. नुसत्या खुब्याचा नाही. क्वचित या औषधांमुळे हाडाच्या बाहेरच्या भिंतीत बारीक तडा जातो आणि मोठा मोड होण्याआधी काही आठवडे-महिने तेवढंच दुखत राहतं. गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका, त्या न घेतल्याने होणारी फ्रॅक्चर कितीतरी जास्त आहेत. डॉक्टरांना सांगा, एवढंच.

निवांत_नसलेली

मी तसली गोळी घेत नाही. पण एव्हीएनचं कुणीच बोलत नाहीये, आणि माझं सगळं लक्ष तिथेच आहे.

काळंपांढरं

एव्हीएनमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या, सांध्यातल्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटतो. दुखणं बहुधा जांघेत, पाय आत वळवताना जास्त. बराच काळ स्टेरॉइड, भरपूर दारू, सिकल सेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), किंवा पूर्वी त्या भागाला मोठी इजा, यांपैकी काही आहे का? सुरुवातीचा एव्हीएन एक्स-रेत दिसत नाही हे खरं, म्हणून जांघेत दुखत असेल आणि यातलं काही असेल तर एमआरआय टाळू नये. तुमच्या वर्णनात यातलं काहीच दिसत नाही. तरी तपासणाऱ्याला पाय आत वळवून बघायला सांगा, मिनिटाचंही काम नाही.

निवांत_नसलेली

स्टेरॉइड नाही, दारू नाही, पडलेही नाही. आज एका फिजिओकडे जाऊन आले. पाय आत-बाहेर पूर्ण वळला, काही दुखलं नाही. उंचवटा दाबल्यावर मी अक्षरशः टेबलावरून उडाले, डावीकडे तसं काही नाही. एका पायावर उभं केलं, ३० सेकंद भरायच्या आतच नेमकी तीच कळ. अंगठ्याचा जोर नीट. ते म्हणाले, एमआरआय आत्ता नको, आधी सवयी बदलू आणि भाराचे व्यायाम हळूहळू वाढवू. इंजेक्शनचं काय करू?

स्नायुजाल

इंजेक्शन हा पाप-पुण्याचा विषय नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात २०४ जणांचे तीन गट केले होते: व्यायाम आणि सवयींचं शिक्षण, एक स्टेरॉइड इंजेक्शन, आणि नुसती वाट बघणं. आठ आठवड्यांनी बरं वाटतंय म्हणणारे पहिल्या गटात सुमारे ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८, वाट बघणाऱ्यांत २९. वर्षानेही व्यायामाचा गट पुढेच होता. म्हणून आधी व्यायाम. रात्र अगदीच असह्य झाली तर इंजेक्शनचा विचार डॉक्टरांशी बोलून करा.

एक लक्षात ठेवा, पट्टा 'मोकळा' करायला पाय ओढून-ताणून मध्यरेषेपलीकडे नेणारे स्ट्रेच करू नका. आंतरजालावर खुब्यासाठी सर्रास तेच सापडतात. तुम्हाला जो दाब टाळायचा आहे तोच ते देतात.

अर्धविराम

मग खुब्याचा एमआरआय नक्की करायचा कधी?

काळंपांढरं

व्यवस्थित व्यायाम करूनही दोन-तीन महिन्यांत काहीच हलत नसेल, किंवा चालताना खुबा पडत असेल आणि जोर स्पष्ट कमी झाला असेल (टेंडन फाटला आहे का बघायला), किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तर. आणि दुखणं ताप, घटतं वजन, पूर्वीचा कर्करोग, किंवा कोणत्याच स्थितीत न थांबणारा रात्रीचा ठणका यांच्यासोबत आलं तर थांबायचंच नाही, लगेच तपासण्या. सांधा की बाहेरचा टेंडन असा पेच राहिलाच, तर सांध्यात फक्त भुलीचं औषध सोडून बघतात. दुखणं तेवढ्यापुरतं गेलं तर उगम आत.

सांजसावली

धागा आत्ताच वाचला. माझ्या सासूबाई (७४) परवा न्हाणीघरात घसरल्या. खुब्याच्या बाहेर दुखतंय, पण काठी घेऊन घरात चालतायत, म्हणून मुका मार समजून शेकतोय. वर दिलेली एका पायाची परीक्षा त्यांची घेऊ का?

स्नायुजाल

नाही! अजिबात नको, आणि चालवूही नका. या वयात पडल्यावर हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर एकमेकांत रुतून बसलं असेल तर माणूस काही दिवस चालूही शकतो, आणि मग ते सरकतं. आजच दवाखान्यात न्या, एक्स-रे काढा.

काळंपांढरं

आणि एक्स-रे साफ आला तरी दुखणं आणि लंगडणं राहिलं, तर "काही नाही" ऐकून घरी परतू नका. एमआरआय, तो जमत नसेल तर सीटी, मागून घ्या. 'परवा पडल्या' हे फॉर्मवर लिहायला सांगा.

सांजसावली

निघतोय.